रस्त्याने न जाणारे काका

रस्ते हे परक्या माणसांसाठी असतात, आपल्या माणसांनी घरातून जावं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे. तो अलिबागला आमच्या आळीत, कोपऱ्यावरच्या घरात राहतो. आम्ही सगळे त्यांना कोपऱ्यावरचे काका म्हणतो. आमच्या आळीला रस्ता नाही असं नाही. चांगला डांबरी रस्ता आहे, त्यावर नगरपालिकेचे दिवे आहेत, पावसाळा सोडला तर तो दिसतोही. पण काकांच्या लेखी तो गाई, रिक्षा आणि उन्हाळ्यात किनारा शोधत फिरणारे पाहुणे यांच्यासाठी केलेला. आळीत सहा घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, पुढे सलग ओट्या, मागे परसं, आणि दोन परसांच्या मधल्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, माणूस जाईल एवढी खिंडारं. काका सकाळी स्वतःच्या मागच्या दाराने निघत, शेजारच्या घरात मागून शिरून पुढून बाहेर पडत, तिथून आमच्या ओटीवर, आमच्या पुढच्या दाराने आत, स्वयंपाकघरातून मागे बाहेर, की पुढच्या घरात पुन्हा मागून. आई गोधडीला धावदोरा घालते तसा हा माणूस आळीला रोज एक टाका घालत असे. संध्याकाळी परत येताना दुसरा.

मुळात हे सगळं बस पकडण्यासाठी होतं. काका थळच्या कारखान्यात नोकरीला होते आणि कामगारांची बस आळीच्या दुसऱ्या टोकाला थांबे. मग ते निवृत्त झाले. बस सुटली, वाट सुटली नाही. आजही ते त्याच वेळेला निघतात, टोकाच्या टपरीवर अर्धा चहा पितात आणि त्याच घरांतून परत येतात. ही वाट यंदा कायमची बंद व्हायची वेळ आली होती आणि तिच्याबरोबर काकाही. ते सांगायलाच मी बसले आहे. पण आधी काका कळायला हवेत.

दुसऱ्याच्या घरातून चालत जायचं म्हणजे त्यालाही काही रीत लागते, आणि काकांची रीत कडक होती. दारात आल्यावर आधी खाकरायचं. तो खाकरा ऐकून आळीतल्या बायका पदर सावरत, नाहीतर आतून ओरडत, “काका, आज नको, मी न्हाते आहे!” मग काका आकाशाकडे बघत बाजूने निघून जात, जणू ते पाऊस पाहायलाच आले होते. कुणाच्या घरात बसायचं नाही, ही दुसरी रीत. “बसलो तर बस जाईल,” म्हणायचे. बस बंद झाली तरी हे वाक्य चालूच राहिलं. मात्र उभ्याउभ्या ते जेवढं करत तेवढं आमच्या घरातली बसलेली माणसंही करत नसत. उतू जाणारं दूध बंद करायचं, नळ पिळायचा, रडतं पोर एका घरातून उचलून दुसऱ्या घरात, त्याच्या आजीच्या मांडीवर ठेवायचं. माझ्या धाकट्या भावाला तर बरीच वर्षं वाटत होतं की काका हे आमच्याच घराचे आहेत, फक्त त्यांना फार घाई असते.

काकू त्यांना डब्यात नुसत्या पोळ्या देत. “भाजी कशाला देऊ? आळी हाय की,” असं त्या स्वच्छ सांगत. एका घरात भाजी, आमच्याकडे चटणी, पुढे एखादा तळलेला बोंबील, शेवटच्या घरातल्या चाचींकडे सांदण असेल तर सांदण. बसपाशी पोचेपर्यंत त्या डब्याचं झाकण लागत नसे. वर्तमानपत्राचं नेमकं उलट व्हायचं. सगळ्या आळीत पेपर एकट्या आमच्या घरी येई आणि काका जाताजाता त्याची पानं वाटत नेत. त्यामुळे खेळाचं पान एका घरी, बाजारभाव दुसऱ्या घरी, आणि माझ्या शिक्षक वडिलांच्या हाती संध्याकाळपर्यंत फक्त छोट्या जाहिराती. बाबा म्हणत, “मला देशाचं काही कळत नाही, पण जुनी कपाटं कुठे विकायला आहेत ते विचारा.”

दहावीच्या वर्षी मी ओटीवर अभ्यासाला बसे. काका जाता जाता माझ्या पुस्तकावर बोट ठेवून सांगत, “हा येणार बघ.” तो कधी म्हणजे कधीच आला नाही. शेवटी मी त्यांचं बोट पडलेला धडा बिनधास्त सोडून द्यायला लागले आणि बऱ्या मार्कांनी पास झाले. काका मात्र पेढा खाताना म्हणाले, “मी सांगितलेलं सगळं केलंन पोरीनं.”

माझं लग्नही त्यांच्यामुळेच जमलं. पनवेलची मंडळी मला पाहायला आली होती. बाहेरच्या खोलीत सगळे अवघडून बसलेले, मी मान खाली घालून, बाबा गळ्यापर्यंत बटणं लावून. एवढ्यात स्वयंपाकघरातून खाकरा आला आणि पाठोपाठ बनियनवर, खांद्यावर फणस घेतलेले काका. त्यांनी सगळ्यांना मानेनेच नमस्कार केला, “पोहे खा, चांगले झालेत, मी आत्ताच खाल्ले,” असं सांगितलं आणि समोरच्या दाराने निघून गेले.  मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, “हे कोण?” बाबा गोंधळून म्हणाले, “काही नाही. ते जात होते.” माझ्या सासूबाई आजही सांगतात, की मुलगी त्यांना त्या क्षणी पसंत पडली. शेजारी ज्या घराच्या चुलीवरून रोज जातो, त्या घरात लपवण्यासारखं काय असणार!

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि आम्ही ते नेलंही. फक्त बाबा त्यावर फार हसत नसत. आमच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. आजोबांनी या आळीत घर घेतलं तेव्हा माणसं वाईट वागली नाहीत, पण ओटीवरून बोलत आणि ओटीवरूनच परत जात. पाणी विचारलं की कुणालाच तहान नसे. बाबांनी एकदा मला सांगितलं, “मग एका सकाळी हा नवीन नोकरीला लागलेला पोरगा दारात खाकरला, सरळ तुझ्या आजीच्या चुलीपाशी गेला, म्हणाला, आजी, पाणी द्या, बस गाठायचीय. तांब्या तोंडाला लावला आणि मागच्या दाराने गेला. तुझी आजी किती तरी वेळ तो रिकामा तांब्या हातात धरून उभी होती.” त्या दिवसापासून आमच्या दोन्ही दारांना दिवसा कडी लागली नाही. काकांना यातलं काही आठवतही नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तहान लागली आसंल.” तसंच त्यांचं चाचींच्या घराचं. रोजे सुरू झाले की काका महिनाभर तोंडात पान घालत नसत, कारण वाट त्यांच्या स्वयंपाकघरातून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यावर आई एकटी राहू लागली आणि मी खारघरला फ्लॅटमध्ये निर्धास्त झोपू शकले, तेही या दिवसातून दोनदा येणाऱ्या खाकऱ्याच्या जिवावर.

तर यंदा काकांच्या आणि आमच्या मधलं घर विकलं गेलं. मालकाची मुलं मुंबईत, त्यांना ते नको होतं. नवी मुंबईहून एक तरुण जोडपं राहायला आलं. दोघंही घरातूनच कॉम्प्युटरवर काम करणारी, नवरा दिवसभर कानाला हेडफोन लावून भिंतीशी बोलत असलेला. आळीने त्यांना नारळ दिले, मासळीवाली गाठून दिली, पाणी कधी येतं ते सांगितलं. पण सकाळी तुमच्या स्वयंपाकघरातून एक गृहस्थ जातील, हे सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. वारा येईल हे कुणी सांगतं का! पहिल्याच सोमवारी काका खाकरून आत शिरले आणि ती मुलगी अशी किंचाळली, की चार घरं पलीकडे चाचींच्या हातातली बशी फुटली. काका हात जोडून “चुकलो बाय, चुकलो” म्हणत पुढच्या दाराने बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परसात गवंडी आला, चिऱ्यांचा ढीग पडला आणि काकांच्या बाजूची भिंत चढायला लागली.

त्या दिवसापासून काका रस्त्याने जाऊ लागले. जन्मात पहिल्यांदा त्यांना रस्त्याने जाताना पाहून चाची डोक्यावर ओढणी घेऊन धावत आल्या, “कोण गेलं, भाई?” काका रस्त्याने, म्हणजे कुणीतरी वारलंच असणार, असं समजून तिघाचौघांनी हाच प्रश्न केला.  चार दिवस ते तसेच चालले, मग घराबाहेर पडायचेच थांबले. तेव्हा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी आळीत राहायला आले होते. काकू माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “तुझे काका जेवत न्हाय धड. ओटीवर बसून रस्त्याकडं बघतात. रस्त्यात काय बघायचं हाय गं?” मी पाहून आले. तो सतत चालता माणूस खुर्चीत बसलेला मला बघवला नाही.

एका दुपारी नवी शेजारीण आमच्याकडे आली आणि आईला म्हणाली, “काकू, खरं सांगा, ते आजोबा कोण आहेत? मला तर चोरच वाटले. काय नेलं बघायला आम्ही कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. त्यांनी येऊन गॅस बंद केला. दूध वर आलं होतं ना, मी फोनवर होते. मी ओरडतेय आणि ते आधी गॅस बंद करतायत, मग हात जोडतायत! मला इतकं वाईट वाटलं.” आईने तिला सगळं सांगितलं. ऐकून ती तशीच उठली, काकांच्या घरी गेली आणि म्हणाली, “सॉरी काका, तुम्ही रोज या आमच्याकडे. प्लीज.”

आम्हाला वाटलं, मिटलं. पण काका जागचे हलले नाहीत. मी समजवायला गेले तर म्हणाले, “पोरी, बोलावल्यावर जातो तो पाव्हणा. मी पाव्हणा न्हाय.” खरंच होतं ते. त्यांना कुणी कधी ‘या’ म्हटलंच नव्हतं. ‘या’ म्हणणारं घर त्यांना परकं वाटत होतं, आणि न म्हणणाऱ्या घरापुढे भिंत उभी होती. यावर इलाज काय, हे माझ्या शिकलेल्या डोक्याला सुचेना. मी रोज गवंड्याच्या थापीचा आवाज ऐकत बसे.

इलाज गटाराने केला. नगरपालिकेने त्याच आठवड्यात नव्या शेजाऱ्यांच्या घराच्या पुढ्यात गटारासाठी खणून ठेवलं, आणि एका सकाळी नव्या शेजारणीला मुंबईला ऑफिसात जायचं होतं. रिक्षा काकांच्या कोपऱ्यावर उभी, रेवसला मुंबईची लाँच गाठायची घाई, तिच्या दारापुढे चिखलाचा खड्डा. काका ओटीवर खुर्चीत, मी त्यांच्याशी बोलत उभी. एवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि काकूंचा, “अगो, सांभाळ!” पाठोपाठ ती पोरगी काकांच्या स्वयंपाकघरातून, माजघरातून, आमच्या मधून बाहेर आली. एका हातात चपला, खांद्यावर बॅग, कानाला फोन, कपड्यांना कमरेएवढ्या अर्धवट भिंतीवरून चढून आल्याचा चुना. फोनवर ती कुणाला तरी इंग्रजीत झापत होती. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. रिक्षात बसली आणि गेली.

 काका आत वळून काकूंना ओरडले, “बघितलंस? विचारलं पण न्हाय गो!” इतक्या आनंदाने तक्रार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते दोनदा तेच म्हणाले, “विचारलं पण न्हाय!” आणि उठून चपला शोधायला लागले.

त्या संध्याकाळी तिने गवंड्याला भिंतीत माणूस जाईल एवढी जागा फोडायला सांगितली. मी आणि आई परसात उभ्या होतो, आईच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. गवंड्याने विचारलं, “ताई, इथं पायरी एक चिऱ्याची ठेवू ना?”

“नको,” ती म्हणाली. “पायरी नको, उतार करा. कॅमेऱ्यात दिसलं, काकांचा उजवा पाय उचलत नाही.”

आई माझ्याकडे वळली. आम्हाला ठाऊक नव्हतं. जन्मभर हा माणूस आमच्या घरातून चालत गेला, त्याच्या खाकऱ्यावर आम्ही घड्याळं लावली, पण त्याचा पाय कधीपासून उंबऱ्याला अडतोय, हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. रोजचं माणूस आपण ऐकतो, बघत नाही. मला एकदम रडू आलं, आणि बरंही वाटलं, की आळीत नव्याने कुणीतरी बघणारं आलं आहे.

दुसऱ्या दिवशी आईने त्याच गवंड्याला आमच्याकडे बोलावलं. मग चाचींनी. मी खारघरला परत निघेपर्यंत तो आळीतून हलला नव्हता. काका आता हळू चालतात, सहा घरं ओलांडायला त्यांना अख्खी सकाळ लागते. एक दिवस ते यायचे थांबतील, हे आता आळीत सगळ्यांना कळलं आहे.  प्रत्येकाने आपापल्या दारात उतार तेवढा करून घेतला आहे.