बैलांचं पुस्तक वाचलं कोणी?

पुस्तक लिहायला मला दोन पावसाळे लागले. त्या पुस्तकापायी जमलेले किस्से मात्र अजून संपलेले नाहीत. घरी पाहुणा आला, चहाची कपबशी त्याच्या हातात पडली, की आमची मार्था आतून म्हणते, “बसा आता! मास्तर बैल सोडणार!” मार्था ही माझी बायको, आणि तिला हे सगळे किस्से माझ्यापेक्षा चांगले सांगता येतात. म्हणून तर मी ती चुलीपाशी असताना घाईघाईने सांगून टाकतो.

इंग्रजांच्या अमलात वऱ्हाडाचे सरकारी कागद नागपूरला जायचे तेव्हाची ही गोष्ट. मी बुलढाण्याला मिशनच्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की मिशनसाठी इंग्रजी पत्रकं मराठीत करायचो. पापावर एक, दारूवर एक, पुन्हा पापावर एक! सगळ्यांवर नाव दुसऱ्याचं, आणि वाचणाराही कोणी नाही. मला लिहायचं होतं बैलांवर, त्यांच्या दुखण्यांवर आणि इलाजांवर. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, पण बैल त्याआधीही दावणीला होते आणि नंतरही. लहानपणी आमचा एक बैल आजाराने नाही, इलाज म्हणून दिलेल्या तापल्या लोखंडाच्या डागण्यांनी मेला. बाप त्याच्याजवळ बसून रडला होता. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

*

मिशनची पुस्तकं छापायची तर कमिटीची मंजुरी लागे. कमिटीचे मुख्य आमचे पाद्रीसाहेब. माणूस मोठ्या मनाचा, पण मराठी शिकले होते पुण्याच्या पंडिताकडून. त्यामुळे त्यांना तहान लागली तरी ते “जल” मागत, आणि आमचा शिपाई घाबरून मलाच बोलवायला येई.

साहेबांनी माझं हस्तलिखित उलटूनपालटून पाहिलं. “मास्तर, हा ग्रंथ उपयुक्त आहे. परंतु यात प्रभू कुठे आहे?”

मी म्हणालो, “साहेब, प्रभूचा जन्म गोठ्यात झाला. मेंढपाळ आले, पूर्वेकडचे मागी पंडित आले, सगळ्यांनी बाळाची विचारपूस केली. त्या गोठ्यातल्या बैलांची चौकशी आजवर कोणी केली नाही. ती मी करतोय!”

कमिटीतले दोघे हसले, एकाने खोकला काढला. मंजुरी मिळाली, पण अट घालून. वर्षभराने पाद्रीसाहेब स्वतः खेडोपाडी फिरणार, पुस्तक कोणी वाचलं ते विचारणार आणि वहीत लिहिणार. वाचलं असेल तर दुसरं पुस्तक मंजूर, विहिरीच्या पाण्यावरचं. नाहीतर मास्तरांनी जन्मभर पत्रकं करावीत.

त्या दिवशी घरी येताना मी आनंदात होतो. मार्था म्हणाली, “पुन्हा पापावर लिहावं लागलं तर निदान या वेळी स्वतःच्या अनुभवावरून लिहा.”

*

कमिटीने हस्तलिखित शुद्ध करायला पुण्याला पाठवलं. परत आलं तेव्हा माझ्या बैलांचे वृषभ झाले होते! “वृषभास ज्वर आल्यास त्यास उष्ण आच्छादन द्यावे.” मी देऊळघाटच्या तुकाराम आबांना ते पान वाचून दाखवलं. आबा म्हणजे गावातला जुना कास्तकार, अक्षरशत्रू, पण बैलाच्या डोळ्यात पाहून दुखणं सांगणारा.

आबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, “पुस्तक चांगलं हाये मास्तर. पण हे दुखनं वृषभाले होत असन. माह्या बैलाले नाही होत!”

मी बसून सगळे वृषभ खोडले आणि पुन्हा बैल केले. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, “साहेब, छापखान्यात अक्षरांचे खिळे कमी पडले. ‘वृ’ला वेगळा खिळा लागतो.” प्रभू मला क्षमा करो.

*

छपाई गोविंदरावांच्या प्रेसमध्ये. एक हातमशीन, खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर आणि दारावर लिंबू-मिरची. गोविंदरावांचा एक नेम होता. लग्नपत्रिका असो, तमाशाचा इस्तिहार असो की कचेरीची नोटीस, पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘श्री’ जुळवल्याशिवाय खिळ्यांचा फर्मा मशीनवर चढायचा नाही.

कमिटी म्हणाली, ख्रिस्ती पुस्तकावर ‘श्री’ नको.

गोविंदराव म्हणाले, “तुमच्या देवाले चालत नाही, माह्या मशीनले त्याच्याबिगर चालत नाही. सांगा आता!”

आठ दिवस पुस्तक अडून राहिलं. शेवटी तोड त्यांनीच काढली. ‘श्री’ जुळवायचा, शाईही लावायची, पण इतका वर बसवायचा की तो कागदाच्या बाहेर पडेल. मशीन दाबलं की पुस्तक कागदावर उमटायचं आणि ‘श्री’ कागदामागच्या, मशीनच्या पुठ्ठ्यावर. दोन्ही धर्म खुश!

आणि नेमके एक दिवस पाद्रीसाहेब छपाई बघायला आले. कागद उचलला, तर मागच्या पुठ्ठ्यावर शंभरदा छापून काळाकुट्ट झालेला ‘श्री’. साहेब वाकून बघत राहिले. 

“हे काय आहे, गोविंदराव?”

गोविंदराव हात पुसत म्हणाले, “काही नाही सायेब. पुस्तक किरिस्ताव हाये, मशीन हिंदू हाये. आमचं पटते!”

साहेबांनी टोपी घातली आणि निघून गेले. पुस्तक वेळेवर निघालं.

*

छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारात पाठवाव्या लागत. तिथल्या कोण्या कारकुनाने लेखकाचं नाव पाहिलं, दावीद मास्तर, आणि पान न उलटता विषयाच्या रकान्यात लिहिलं, ‘धर्म’.

मी गोविंदरावांकडे तक्रार केली. ते म्हणाले, “काऊन, चुकलं काय त्याचं? वऱ्हाडात बैल म्हंजे धर्मच हाये!”

*

खरी परीक्षा बाजारात झाली. आठवडी बाजाराच्या दिवशी मी पुस्तकं घेऊन चिंचेखाली बसायचो. माणसं यायची, चित्रातला बैल बघायची, बैलाच्या वशिंडाबद्दल चार शब्द बोलायची आणि हात मागे बांधून निघून जायची. पुस्तकाला बोट लावायचं नाही. लावलं की बाटलो, अशी समजूत!

तीन बाजार असे गेले. मला रात्री झोप लागेना. साहेबांची वही डोळ्यांपुढे यायची आणि तिच्यात नुसतं शून्य.

चौथ्या बाजाराला एक धिप्पाड कास्तकार समोर येऊन उकिडवा बसला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “मास्तर, याच्यात बाटवाचं पान कोनतं हाये?”

“बाटवायचं पान नाही यात. सगळे बैलच आहेत.”

“असं कसं? तुमच्या सगळ्याइच्या पुस्तकात असते. तेवढं फाडून द्या, बाकीचं मी नेतो.”

मी खूप समजावलं. तो हलेना. मागे आणखी पाच-सहा जण जमले होते आणि तेही पानाचीच वाट बघत होते. काय करू? पुस्तकात फाडण्याजोगं एकच पान होतं. पाद्रीसाहेबांची प्रस्तावना!

मी डोळे मिटले आणि टर्रकन फाडली. त्याने पान हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि पुस्तक पटक्यात खोचलं. मागचे म्हणाले, “आमालेबी तसंच द्या.” संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपला आणि माझ्या मांडीवर प्रस्तावनांचा ढीग!

पुढच्या आठवड्यात साहेब शाळेत आले आणि टेबलावरची प्रत उचलली. नेमकी फाडून ठेवलेली. “मास्तर, माझी प्रस्तावना कुठे आहे?”

मी टेबलाखाली खडू शोधू लागलो. मार्था डबा घेऊन आली होती, तीच म्हणाली, “साहेब, काय सांगू! लोक ती वेगळी मागून घेतात.”

साहेब लाजले. खरंच लाजले! मला इतकी शरम वाटली की त्या दिवशी डब्यातली भाकर मी तशीच घरी परत नेली.

*

दुसरबीडहून एक कार्ड आलं. जसंच्या तसं सांगतो. “पुस्तक मिळाले. बैल मेला. पुस्तक चांगले दिसते. दुसरा बैल घेतला की वाचू.”

*

वर्ष भरलं. थंडीचे दिवस, हरभरा घाट्यांवर आलेला. साहेब वही घेऊन निघाले आणि मी मागे. पहिलं गाव, दुसरं गाव, तिसरं. सगळीकडे एकच उत्तर. “पुस्तक? कोनतं पुस्तक?” पुस्तकं माझ्याच हातून गेलेली, घेणाऱ्यांचे चेहरे मला ओळखू येत होते, आणि तेच चेहरे साहेबांपुढे कोरे! गोऱ्या पाद्र्याने वहीत नाव लिहिलं की आपण त्याच्या देवळात गणले जाऊ, ही भीती. कबूल कोण करणार?

साहेब प्रत्येक गावापुढे बारीक अक्षरात शून्य घालत होते. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. “मास्तर, तुम्ही प्रयत्न केलात,” ते म्हणाले. आता शेवटचं गाव देऊळघाट. विहिरीचं पुस्तक मी मनातल्या मनात बांधून माळ्यावर टाकलं.

देऊळघाटला पारावर मंडळी जमली. तुकाराम आबा मधोमध. साहेबांनी आपल्या शुद्ध मराठीत विचारलं, “सद्गृहस्थहो, आपल्यापैकी कोणी हे पुस्तक वाचले आहे काय?”

सगळे आबांकडे बघू लागले.

“आबा, आपण?”

“मले कुठी वाचता येते सायेब?”

“अन्य कोणी?”

“नाही बा,” एक म्हणाला. “आमच्या गावात असं काही आलंच नाही,” दुसरा म्हणाला. तिसऱ्याने तर पुस्तकाकडे असं पाहिलं, जणू जन्मात कागद बघितला नसावा. हाच तो धिप्पाड, ज्याने माझ्याकडून पहिलं पान फाडून घेतलं होतं!

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. मी मान खाली घातली. रडूच यायचं बाकी होतं.

एवढ्यात आबांची सून धावत आली. “मामंजी, चला लवकर! बैल हरभऱ्यात घुसला होता. पोट नगाऱ्यावानी झालं, पडतेच आता!”

पार क्षणात रिकामा झाला. आम्हीही मागे पळालो. गोठ्यासमोर बैल पाय फाकवून उभा, डावी कूस वर आलेली, तोंडातून फेस. मी पुढे होऊन सांगणार, तोच एकाने ओरडून सांगितलं, “पुढचे पाय उंचावर घ्या!” दोघांनी बैलाला उकिरड्याच्या चढावर चढवलं.

“तोंडात आडवी काठी!” दुसरा. काठी आली, दोरीने शिंगांना बांधली गेली.

“डागाचं नाही बरं कोनी! डागनी मना हाये!” हे आबा.

“जवसाचं तेल आना! अर्धा शेर!” सून आत पळाली.

“अन टरपेंटाइन किती बे?” धिप्पाड गड्याने विचारलं.

आणि सगळं गाव एका आवाजात ओरडलं, “अर्धा छटाक! पान बावीस!”

तेल पाजलं. कूस चोळली.  मग बैलाने मान लांब करून असा काही ढेकर दिला की कोंबड्या उडाल्या. कूस उतरू लागली. आबांनी बैलाच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले.

मी पाहिलं, साहेबांच्या हातात वही उघडीच होती. ते हळूहळू आबांजवळ गेले.

“आबा, हे ‘पान बावीस’ म्हणजे काय?”

 सुनेने पदर तोंडाशी नेला. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत शांतपणे म्हणाले,

“काही नाही सायेब. आमच्या गावातली जुनी म्हन हाये.”