भाकरतुकडा टाकू कुठे?

मित्रांनो, आज सकाळी आईला घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेलो. बोटीवर नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ संजू गेल्या वर्षी इथूनच गेला. तेव्हा पत्रे लावून बांधकाम चाललं होतं. आता सरकते जिने, दुकानं, झोपायला खोल्यासुद्धा!

"आपला अख्खा मिरकरवाडा मावेल की रे यात," आई म्हणाली.

पण आम्हाला मागे, कार्गोत जायचं होतं. संजू पेटीतून आला.

तो सुट्टीवर आला की नजर उतरवायला आई दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकायची. आजही घरून भाकरी घेऊन आली होती. तिने पेटीवरून तुकडा ओवाळला. फोर्कलिफ्टवाल्याने मशीन बंद केलं.

आईने चकचकीत फरशीकडे बघितलं. "टाकू कुठे रे हा?"

रत्नागिरीच्या वाटेवर लिहितोय. तुकडा अजून तिच्या मुठीतच आहे. तुम्हीच सांगा, काय सांगू तिला?