तंजावरची फटफटी जेजुरीला

तंजावरच्या मेलवीथी या रस्त्यावरच्या सुर्व्यांच्या घरी हिराबाई सून म्हणून आली, त्याच साली तिच्या नवऱ्याने, रघोजीने, फटफटी आणली. शेजारच्या बायका म्हणत, रघोजीच्या घरात एका वर्षात दोघी आल्या, एक उंबरठ्याच्या आतही कोणाला ऐकू येत नाही आणि दुसरी साऱ्या वीथीला झोपू देत नाही. हिराबाई ऐकून गप्प हसायची. तिला त्या दुसरीचा मुळीच हेवा वाटत नव्हता. उलट तो आवाज वीथीच्या कोपऱ्यावर आला की हातातलं काम तसंच टाकून ती दाराशी यायची, आणि सासूबाई शेषम्मांना वाटायचं, पोरीचा नवऱ्यावर किती जीव.

जीव नवऱ्यावर होताच. पण खरं सांगायचं तर दाराशी ती यायची ती फटफटीसाठी.

रघोजी सुर्वे पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. त्या वेळी कावेरीवरच्या कल्लणै बंधाऱ्यापासून नवा कालवा खणायचं मोठं काम चाललं होतं. लोक त्याला पुदु आरु म्हणायचे, म्हणजे नवी नदी. त्या कामावर दिवसभर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जावं लागे. विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनिअराने आपली फटफटी जाता जाता रघोजीला देऊन टाकली. रघोजीला तिचं कौतुक असं काही नव्हतं. पायात जोडा असतो, उन्हात छत्री असते, तशी कामाला फटफटी. तो ती हळू चालवी, वळणावर आणखी हळू, आणि घरी आला की कान चोळत बसे.

हिराबाईचं माहेर पापनाशमजवळच्या एका खेड्यात. भाताच्या शेतांत वाढलेली पोर. बैलगाडीपलीकडे वाहन तिने पाहिलं होतं ते फक्त आगगाडी, तेही रुळापासून लांब उभं राहून. लग्नानंतर काही महिन्यांनी तिरुवैयारूला नात्यातल्या एका बारशाला जायचं होतं, आणि गाडीवाला ऐन वेळी आला नाही. रघोजी म्हणाला, बस मागे, पण पदर सांभाळ. शेषम्मांनी देवघरातून ओरडून सांगितलं की असल्या भुताटकीवर सुर्व्यांची सून बसणार नाही. तोवर सून बसली होती.

तंजावर ते तिरुवैयारू वाटेत पाच नद्या, पाच पूल. बैलगाडीतून जाताना पूल आला कधी नि गेला कधी, झोपेत कळायचंही नाही. त्या दिवशी प्रत्येक पुलावर हवा बदलली. शेतावरून यायचा तो चिखलाचा कोमट वास, मग एकदम नदीचा गारवा अंगावर, मग नारळीच्या बागांची सावली, की पुन्हा ऊन. हिराबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, वाऱ्याने असेल. बारशात तिने काय खाल्लं, कोण भेटलं, तिला काही आठवेना. परतताना ती नवऱ्याच्या खांद्यावरून पुढे वाकून त्याचे हात पाहत राहिली. कुठली पट्टी ओढली की आवाज चढतो, टाकीशेजारचा दांडा कधी पुढे जातो, पाय कधी दाबतो. घरी येईपर्यंत तिला सगळं पाठ झालं होतं.

मग तिने रघोजीचा पिच्छा सोडला नाही. भांडली नाही, रुसली नाही. रोज जेवायला वाढताना एकदा विचारायची, आणि तो नाही म्हणाला की आमटी वाढायची. पावसाळा गेला, पोंगल आला, तरी तेच. शेवटी एका रविवारी तो तिला कालव्याच्या बांधावर घेऊन गेला. पाणी अजून आलं नव्हतं, बांध नुकताच दाबून सारखा केलेला, सरळ दोरीसारखा, आणि सुट्टीमुळे चिटपाखरू नाही. तिचं लुगडं कासोट्याचं, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून बसायला अडचण नव्हती. क्लच सुटला, फटफटीने एक गचका दिला आणि बाई बांधाखालच्या भाताच्या खाचरात. रघोजी धावत आला. ती चिखलात बसूनच म्हणाली, "तुम्हीं गिअरचा दांडा असा एकदम नाहीं टाकत. कसा टाकतां ते पुन्हा दाखवा."

त्या रविवारी ती तीनदा पडली. पुढच्या रविवारी एकदाच. आणि मग बांध संपेपर्यंत गेली, वळवून परत आली, रघोजीसमोर न थांबता दुसऱ्या टोकाला गेली. तो हात वर करून उभाच.

वर्षं अशी गेली. वसुमती नावाची मुलगी झाली. रघोजीने एका सुताराकडून वेताची साइडकार बनवून घेऊन डाव्या अंगाला जोडली, म्हणजे मायलेकी बसतील. तो नियमाचा माणूस. बायको बांधावर चालवते तर तिच्या नावाचा परवानाही हवा म्हणून तोही रीतसर काढून ठेवला. पण गावात हँडल त्याच्या हाती आणि हिराबाई साइडकारमध्ये, हे ठरलेलं. बाई फटफटी चालवते हे बांधावरच्या बगळ्यांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. पण कधी कुंभकोणमच्या रस्त्यावर रघोजी बैलगाडीच्या मागे मागे मुकाट्याने रेंगाळला, की साइडकारमध्ये तिचा उजवा हात आपोआप पट्टी ओढल्यासारखा वळायचा.

पुदु आरूला पाणी सुटलं, त्याच्या पुढच्या साली शेषम्मा आजारी पडल्या. आजार बरा झाला, पण मन खचलं. त्यांच्या देवघरात खंडोबाचा टाक होता, पूर्वज मराठी मुलखातून तंजावरला आले तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या पूजेत. जेजुरी कोणी पाहिली नव्हती. सासऱ्यांच्या वडिलांनीही नाही. एके दिवशी त्या म्हणाल्या, मरायच्या आधी तिथला भंडारा एकदा कपाळाला लागावा, एवढंच मागणं आहे.

रघोजीने रजा मिळवली आणि आगगाडीचं वेळापत्रक आणलं. हिराबाईने ते पाहिलं, नीट घडी केलं आणि त्याला परत दिलं.

"आगगाडीनें गेलों तर जेजुरी दिसेल," ती म्हणाली. "वाट कोठें दिसेल?"

"हिरा, सातशे मैलांची वाट आहे ती."

"म्हणूनच."

रघोजीने दोन दिवस विचार केला. मग तो पेट्रोलचे डबे, टायरच्या ट्यूबा आणि प्लग गोळा करायला लागला. वसुमतीला आजीजवळ ठेवून, मार्गशीर्ष लागायच्या आधी दोघं निघाली.

त्रिचनापल्ली, सेलम, मग तोप्पूरचा घाट. पुढे म्हैसूरच्या राज्यात शिरल्यावर जमीन उंच आणि हवा गार झाली. भात मागे राहिला, नाचणी आली, नारळ संपले, बाभळी लागल्या. हिराबाई साइडकारमध्ये ताठ बसून सगळं पाहत होती. डावं वळण आलं की साइडकारचं चाक उचलतं, तेव्हा आतल्याने डाव्या अंगाला बाहेर झुकायचं असतं. हे तिला इतकं सरावाचं झालं होतं की ती बोलता बोलता झुकायची. बंगळूरच्या पुढे रस्ता लाल झाला आणि तिची निऱ्यांपासून केसांपर्यंत एकच लाल मूर्ती झाली. रघोजीला हसू आवरेना. तो असा मोकळा हसलेला तिने फार दिवसांत पाहिला नव्हता.

चित्रदुर्गाला पोचले त्या दुपारी तो फटफटीवरून उतरला आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसला. अंग भाजत होतं. धर्मशाळेत आडवा केल्यावर हुडहुडी भरली. गावातल्या डॉक्टरांनी हिवताप सांगितला, क्विनाईन दिलं. तीन दिवसांनी ताप उतरला, पण उभं राहिलं की रघोजीचे पाय लटपटत. त्याने ठरवून टाकलं होतं. फटफटी मालगाडीत घालायची आणि स्टेशनवरून तंजावरला परत फिरायचं.

हिराबाई ऐकून बाहेर गेली. तिने प्लग काढून पुसला, टायरांत हवा भरली, साइडकारमध्ये घोंगडी अंथरली आणि आत येऊन त्याला उठवलं. त्याला वाटलं, स्टेशनवर जायचं. ती त्याला धरून साइडकारपाशी घेऊन गेली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"हा बांध नव्हे, हिरा," तो म्हणाला. "गांवें लागतील. लोक पाहतील."

"पाहोत की. तुम्हीं झुकूं नका, नुसते बसा. वळणें मी सांभाळतें."

चित्रदुर्गाच्या बाजारातून फटफटी निघाली तेव्हा दुकानांतून माणसं बाहेर आली. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला, कशासाठी कोण जाणे. हिराबाईला पाठीवर साऱ्या गावाचे डोळे चिकटल्यासारखे वाटत होते. वेस मागे पडली. समोर माळ, त्यावर रस्ता, दोन्हीकडे कापसाची रानं, आणि पार क्षितिजापर्यंत बैलगाडी नाही की माणूस नाही. तिने पट्टी ओढली. फटफटीचा आवाज चढला, मग चढून स्थिर झाला, आणि पाठीवरचे ते डोळे कुठे गळून पडले तिला कळलंही नाही. इतकी वर्षं बांधाचं टोक आलं की वळावं लागे. आज टोकच नव्हतं.

ती मोठ्याने गाऊ लागली. लग्नातली गाणी, पोंगलची तमिळ गाणी, जे आठवेल ते. रघोजी घोंगडीत गुरफटून ऐकत होता. हरिहरच्या पुलावर तुंगभद्रा ओलांडताना तो हळूच म्हणाला की आपण याहून हळू चालवतो. ती म्हणाली, माहीत आहे.

हावेरी, हुबळी, धारवाड. गावोगाव पोरं मागे धावायची, बायका कळशा खाली ठेवून बघायच्या. बेळगावच्या पुढे तवंदीचा घाट लागला आणि तिथे खरी परीक्षा झाली. उतार तीव्र, वळणं डावीकडची, रस्त्यावर सुटी खडी, आणि साइडकारमधला माणूस झुकायला अशक्त. पहिल्याच डाव्या वळणावर साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं. खाली दरी होती. हिराबाईने पट्टी सोडली, पण ब्रेक मारला नाही. आपलं सगळं अंग डावीकडे टाकलं, इतकं की पदर साइडकारच्या वेताला घासला. चाक दाणकन खाली बसलं. पुढच्या वळणाला ती आधीच अर्धी बाहेर लटकली होती. समोरून ऊस भरलेल्या गाड्यांची रांग चढत होती, आणि गाडीवान बैलांच्या वेसणी धरून, तोंडं उघडी टाकून बघत राहिले. घाट उतरल्यावर तिने फटफटी झाडाखाली उभी केली. रघोजीने साइडकारमधून हात बाहेर काढून तिच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, चला, निपाणीला चहा पिऊं.

निपाणीत चहाच्या दुकानाशी बायकांनी घेरलं. कुठून आलात, कुठं निघालात. हिराबाई सांगू लागली आणि बायका एकमेकींकडे पाहून गालात हसू लागल्या. ती गोंधळली. आयुष्यात पहिल्यांदा चारी बाजूंनी मराठी ऐकू येत होतं, दुकानदाराचं, हमालांचं, भांडणाऱ्या पोरांचं, आणि त्यातलं निम्मं तिला कळत नव्हतं. एक म्हातारी जवळ आली, तिच्या धुळीच्या गालावरून हात फिरवला.

"तुझं बोलणं पोथीवाणी हाय बग," म्हातारी म्हणाली. "आमची आजी बोलायची असं काय काय. कुठं जपून ठिवलं हुतं एवढं?"

त्या बायकांनी दुकानदाराला चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत.

कोल्हापूर, सातारा, मग मोठा रस्ता सोडून लोणंदवरून नीरा. जेजुरीचा गड लांबून दिसला तेव्हा दुपारची उन्हं कलली होती, आणि साऱ्या डोंगरावर पिवळा धुरळा उडत होता. रघोजी आता बरा झाला होता. निदान शेवटचे दोन मैल तरी आपण चालवू, देवाच्या दारी नवऱ्याने हाकावी, असं त्याच्या मनात आलं असावं. तो तसं म्हणालाही, अर्धवट. मग तिचा चेहरा त्याने पाहिला आणि साइडकारमध्ये नीट सावरून बसला.

गडाच्या पायथ्याशी गर्दीने वाट दिली. वाघ्यांनी कोणी न सांगता घाटी वाजवल्या, मूठमूठ भंडारा उधळला. फटफटी, रघोजी, हिराबाई, सगळं पिवळं. पायऱ्या चढताना तिला दम लागला, देवळात गर्दीत दर्शन कसंबसं झालं. पण गडावरच्या भिंतीशी उभं राहून तिने खाली पाहिलं, तर दूर दक्षिणेकडे जाणारा रस्ता उन्हात चमकत होता. त्यातला निम्म्याहून अधिक रस्ता आपल्या हातांखालून गेला, हे तिला तेव्हा कळलं. तिने सासूसाठी भंडारा पदरात घट्ट बांधला.

परतताना एक दिवस त्याने, एक दिवस तिने, असं ठरलं होतं. रघोजीच्या वाटणीचे दिवस फार आले नाहीत.

तंजावरात बातमी आधीच पोचली होती. मेलवीथीत फटफटी वळली ती हिराबाईच्या हातात, साऱ्या वीथीच्या डोळ्यांदेखत. ओट्याओट्यावर बायका उभ्या होत्या. शेषम्मा काठी टेकत दारात आल्या. हिराबाईने पदराची गाठ सोडून भंडारा त्यांच्या हातावर दिला. म्हातारीने आधी स्वतःच्या कपाळाला लावला. मग फटफटीच्या दिव्याला लावला, काचेवर बोटं उमटली. मग सुनेला.

"आतां मला तिरुवैयारूला ने," त्या म्हणाल्या. "त्याच्या मागें नाहीं बसणार मी. तो फार हळू नेतो म्हणतात."

शेषम्मा त्यानंतर सहा वर्षं जगल्या आणि साइडकारमधली जागा त्यांनी कोणाला दिली नाही. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना. फटफटी गोणपाटाखाली राहिली, पण हिराबाई दर शुक्रवारी चाकं फिरवून, साखळीला तेल घालून ठेवायची. लढाई संपली आणि पेट्रोल पुन्हा मिळू लागलं, त्या उन्हाळ्यात ती पहाटे उठली, रघोजीला साइडकारमध्ये बसवलं, वसुमतीला मागे घेतलं आणि कोडैकानलचा घाट धरला. तिचे केस पिकू लागले होते. वळणावळणावर वरून येणारे बसवाले तिला पाहून बाजूला थांबत होते, आणि एकाने खिडकीतून डोकं काढून तमिळमध्ये विचारलं, अम्मा, आणखी किती वर जायचंय?

रस्ता असेल तोवर, असं तिने सांगितलं, आणि गिअर बदलला.