ब्रियांदाची नात

सेव्हिलमध्ये नदीपलीकडे त्रियानाची कुंभारआळी आहे. तिथं ब्रियांदाचं दार माझ्या दाराला लागून. सकाळी ती पिठाचे गोळे तळून मधात घोळवायची आणि भट्टीवरचे कारागीर ते हातोहात न्यायचे. मला चिडवायची, "तुझ्या नवऱ्याची मडकी तडकली तर तडकू देत, माझा एक गोळा करपायचा नाही बघ!"

तिचे पूर्वज मुसलमान. ग्रानादाचं राज्य पडल्यावर त्यांना बाप्तिस्मा घ्यायला लावला. त्याला शंभर वर्षं उलटली, तरी लोक त्यांना मोरिस्कोच म्हणायचे. ब्रियांदा सात वर्षांची असताना ग्रानादाच्या डोंगरात बंड झालं. राजाच्या शिपायांनी गावंच्या गावं रिकामी केली आणि सगळ्यांना थंडीपावसात चालवत नेलं. तिची आई वाटेतच गेली. "कुठं पुरली तेही ठाऊक नाही," एवढंच ती सांगायची.

पुढं नवरा गेला, मुलगी बाळंतपणात गेली. उरली नात, मेन्सिया. बाप्तिस्म्याला तिला मीच हातात धरलं होतं. मला मूलबाळ नव्हतं. ती पोर दिवसातून दहादा माझ्या घरात असायची.

१६१० च्या हिवाळ्यात फर्मान निघालं. मोरिस्कोंनी देश सोडायचा. आफ्रिकेला जाणाऱ्यांनी सात वर्षांखालची मुलं इथंच, ख्रिस्ती घरांत ठेवायची. फ्रान्सला जाणाऱ्यांना मुलं नेता यायची, पण त्या जहाजात ब्रियांदाला जागा मिळाली नाही.

ती माझ्याकडे आली. "कातालिना, धक्क्यावर वय विचारतील. सात पुरी झाली म्हण. तू जुनी, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती, तुझं ऐकतील."

"म्हणेन गं, त्यात काय?" मी म्हटलं. खरंच म्हणणार होते.

धक्क्यावर कारकुनानं मेन्सियाचं तोंड उघडून पाहिलं. "सात वर्षांची? एक दात पडलेला नाही हिचा!" मग माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही देवाला स्मरून सांगा. वय काय?"

मेन्सियानं माझा घागरा मुठीत धरला होता. ब्रियांदा माझ्याकडे बघत होती.

"पाच," मी म्हटलं.

शपथेला घाबरले, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. पाद्रीबाबांनाही. ते खोटं होतं. मला ती पोर हवी होती.

ब्रियांदा खाली बसली, नातीची सुटलेली वेणी घातली. मला म्हणाली, "हिचा कान दुखतो अधूनमधून. तेल कोमट करून घाल." मग शिपायानं तिला फळीवरून जहाजात ढकललं.

"आजी गोळे विकायला गेली?" मेन्सिया विचारत राहिली. "कधी येणार?"

जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउताला लागलं, एवढं कळलं. पुढं काही नाही. परतलेल्या प्रत्येक खलाशाला मी विचारलं.

मेन्सिया मला आई म्हणू लागली. सोळाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"तू पाच म्हणालीस, तेव्हा आजी काय म्हणाली?"

"तुझा कान दुखतो, तेल कोमट करून घाल, म्हणाली."

"दुसरं काहीच नाही?"

"नाही गं."

लग्न होऊन ती कादिसला गेली. मी दोनदा जाऊन आले. दार तिनंच उघडलं, बसायला दिलं, पाणी दिलं, मुलांना आत पाठवलं. निघताना म्हणाली, "सांभाळून जा, कातालिनाबाई."