रविवारचं एक ढाकण

"ताई, दादा उठत नाय. तुमी लगेच या."

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी सव्वासहाला तुकारामचा फोन आला. तुकाराम दादाच्या बागेतला जुना गडी. तीस वर्षं त्याला ओळखते, पण मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. "नीट हाक मारलीस का? रात्री जेवले काय होते? काल कोण आलं होतं?" तो बिचारा हुंदके देत होता आणि मी वर्गात कॉपी पकडल्यासारखी उलटतपासणी घेत होते. रिक्षा करून रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला बागेत पोचले, तेव्हा दादा पडवीतल्या त्याच्या कॉटवर कुशीवर निजल्यासारखा होता. डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला... आणि मग जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सरळ स्वयंपाकघरात गेले, फ्रीजचं दार उघडलं, कप्प्यातली उंच, निमुळती बाटली काढली आणि खिडकीच्या उजेडात धरून आतली पातळी बघितली. माझ्या पेन्सिलच्या खुणेपासून ती बोटभराहून कमीच, पण खाली उतरली होती. म्हणजे या आठवड्यातही घेतली होती. सख्खा भाऊ बाहेर पडवीत निष्प्राण, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की याच बाटलीने त्याला नेलं.

संशय आमच्या घरातच आहे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. दापोलीला शेतकी शिकला आणि परत येऊन वडिलांनी कातळात सुरुंग लावून रुजवलेली हापूसची कलमं सांभाळत बसला. दुधाचा थेंब नखावर ठेवून बघितल्याशिवाय त्याने चहा घेतला नाही. मध पाण्यात सोडून बघायचा. बाजारात कुणी रत्नागिरी म्हणून आंब्याची पेटी पुढे केली, की आंबा राहिला बाजूला, हा आधी पेटीत तळाला घातलेलं वर्तमानपत्र काढून वाचायचा. एकदा त्यात कानडी वर्तमानपत्र निघालं. त्या व्यापाऱ्याचा चेहरा आठवून दादा पुढची दहा वर्षं हसत होता. त्याची पसंतीची मोहोर एकच. देठाशी नाक नेऊन डोळे मिटायचा आणि खात्री पटली तर एवढंच म्हणायचा, "झाडचा आहे." म्हणजे झाडावरच तयार झालेला, औषध मारून पिकवलेला नव्हे. त्याच्या तोंडून हे शब्द ऐकायला माणसं ताटकळायची.

मी तशीच, किंबहुना एक घर पुढे. चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं, तरी रीत दाखव म्हणायचे. त्यामुळे दादाच्या एकुलत्या एका मुलीने, मंजिरीने, कॅनडात शिकता शिकता तिथल्याच पीटर नावाच्या मुलाशी लग्न ठरवून टाकलं, तेव्हा दोघांत जास्त मी भडकले. वहिनी तेव्हा गेलेली. तिच्या जागी बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालले. फोनवर मंजिरीला म्हटलं, "ज्याचं घर आपण बघितलं नाही, माणसं बघितली नाहीत, त्याचा भरवसा काय?" आणि दादाला बजावलं, "माझ्यासमोर त्या मुलाचं नावही काढायचं नाही." दादा नुसता कलमांकडे बघत राहिला. मला वाटलं, त्यालाही पटलंय.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती दोघं पहिल्यांदा बागेत येऊन राहिली. मी मुद्दाम ते चार दिवस गुहागरला मैत्रिणीकडे जाऊन बसले. पीटरने सासऱ्यासाठी एक बाटली आणली होती, ती त्याने ओटीवर बसून उघडली. त्याने आणि मंजिरीने घोट घोट घेतला. दादाने नुसता वास घेतला आणि "नंतर बघू" म्हणून भांडं खाली ठेवलं. तो कधी सुपारीच्या खांडाच्या पलीकडे गेला नव्हता. पण टाकून द्यायचं म्हटलं तर आमच्या घरात आंब्याची सालसुद्धा कुणी टाकत नाही. बाटली फ्रीजमध्ये गेली. हे सगळं मला पुष्कळ पुढे कळलं.

आता माझा पराक्रम. एप्रिलमध्ये आंबा उतरवायचं काम चालू होतं, म्हणून मी मदतीला बागेत होते. दुपारी देवळाच्या उत्सवाचं ठरवायला कीर्तनकार बुवा आणि दोघे पंच आले. घामाघूम. दादा ओरडला, "सुमे, सरबत कर गो!" फ्रीज उघडला. आमच्याकडच्या फ्रीजमध्ये बाटलीवरचं लेबल आणि आतला माल यांचा संबंध कधीच नसतो. व्हिनेगरच्या बाटलीत कोकमाचं आगळ, जॅमच्या बरणीत लिंबाचं लोणचं, परदेशी सरबताच्या बाटलीत एरंडेल. त्यामुळे त्या निमुळत्या बाटलीवर इंग्रजीत सोनेरी अक्षरात वाईन लिहिलेलं मी स्वच्छ वाचलं आणि त्यावर काडीचा विश्वास ठेवला नाही. आत मधाच्या रंगाचं, दाट, चिकट. बोट लावून चाखलं. गोड, आंबट. आवळ्याचा पाक, दुसरं काय! चार पेल्यांत ओतलं, वर माठातलं गार पाणी, चिमूटभर मीठ, भरडलेलं जिरं.

बुवांनी पेला एका दमात रिकामा केला. "काय हो ताई, अमृत आहे हे! आणखी जरासं..." मी आणखी दिलं. दादाने घोट घेतला, तोंडातच धरला आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं मिठाच्या जागी सोडा पडला. बुवा जाताना पायऱ्यांवर अभंग गुणगुणत होते, तोही जरा वरच्या पट्टीत.

"बाटली आण," दादा म्हणाला.

त्याने खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं प्लास्टिकचं ढाकण आणलं, विसळलं, त्यात पाण्याशिवाय, मिठाशिवाय ओतलं. आधी उजेडात बघितलं. मग नखावर थेंब ठेवला. मग नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मी वाट बघत होते, आता हा पीळ उलगडेल, आता कानडी वर्तमानपत्र सापडेल. त्याने ढाकण तोंडाला लावलं आणि घोट जिभेवर घोळवला.

"साखर नाही घातलेली," तो शेवटी म्हणाला. "गोड आहे, पण घशाला बसत नाही. मागून आंबट येतं आणि सगळं धुऊन नेतं. पिकलेल्या रायवळाची कोय चोखताना शेवटी लागतं ना, तसं... घे तू."

"मी नाही."

"मघाशी बोट घालून चाखलंस ते?"

मग घेतलं. खोटं कशाला बोलू, जर्दाळू, मध आणि कसलं तरी फूल, सगळं एकदम जिभेवर आलं. पाण्यात कालवून जिरं घातलं होतं त्याची तेव्हा मनापासून हळहळ वाटली. पण दादाने लेबल वाचायला घेतलं आणि आमचं दोघांचं मूळ जागं झालं. लिहिलं होतं, की ही द्राक्षं हिवाळ्यात वेलीवरच गोठू देतात. कडक थंडीत, दगड झालेली तोडतात आणि तशीच दाबतात. पाण्याचं बर्फ आतच अडकतं आणि गाळून येतो तो नुसता गोडवा, घोसागणिक जेमतेम थेंब.

"थापा," मी म्हटलं. "एवढं पीक कोण वेलीवर ठेवेल? पाखरं सोडतील?"

"फ्रीजरमध्ये गोठवत असणार आणि वेलीवरची म्हणून विकत असणार," दादा म्हणाला. "कार्बाइडचा आंबा आणि झाडचा आंबा, तसंच." पण त्याचे डोळे चमकत होते. दुसऱ्या दिवशी बाजारातून द्राक्षं आणून त्याने फ्रीजरमध्ये घातली, फणसाच्या गऱ्यांशेजारी. गोठल्यावर पंच्याच्या फडक्यात बांधून पिळली. बोटं निळी पडली, पण वाटीत आलेला रस खरोखर पाकासारखा होता. "तत्त्व खरं आहे," तो म्हणाला. "आता वेलीचं कसं शोधायचं?" मी म्हटलं, सोड ना. तो काही सोडणारा नव्हता, हे मला कळायला हवं होतं.

त्यानंतर बाटली संपायला हवी होती, ती संपेना. जूनमध्ये दोन बोटं उरली होती, ऑगस्टमध्ये बघितली तर गळ्यापर्यंत! म्हणजे नवीन आली. कुणी आणली? विचारलं तर "असेल गो" म्हणून विषय बदलायचा. मग मी लेबलच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायला लागले. सोमवारी बागेत गेले की बघायची, दर वेळी पातळी तेवढीच खाली. नेमाने पितो, एकटा पितो. वहिनीमागे एकट्या माणसाचं असंच सुरू होतं, हे मी किती घरांत बघितलं होतं! एका सोमवारी माझ्या रेघेच्या खाली दुसरी बारीक रेघ होती आणि पुढे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "बरोबर?" मी खोडरबरने ते पुसलं. तो पेपर वाचत बसला होता. शेवटी मी जाऊन डॉक्टरांना सांगून आले, माझा भाऊ पितो म्हणून. त्यांनी मान डोलावली, "बघतो मी" म्हणाले.

दादा गेल्यावर दहाव्या दिवशी त्याच डॉक्टरांना मी गाठलं आणि तोंडावर विचारलं, "त्या बाटलीने गेला ना?" ते अवघडले. "ताई, आठवड्याला एक ढाकण. त्याने काय होतंय? त्यांनी मला पहिल्याच रविवारनंतर येऊन सांगितलं होतं. वर म्हणाले, सुमी येईल तक्रार घेऊन, तिला काही बोलू नका."

उरलेलं मंजिरीने सांगितलं. ती दोघं तिसऱ्या दिवशीच पोचली होती. तेराव्याची पानं उठल्यावर ती माझ्याजवळ पडवीत येऊन बसली. "आत्या, बाबा दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला पीटरला फोन करायचे. व्हिडिओवर. आमच्याकडे तेव्हा सकाळ. बाबांचं ढाकण, पीटरची कॉफी. बाटल्याही तोच पाठवायचा." पीटरच्या मामाचा द्राक्षमळा आहे म्हणे, आणि हा लहानपणापासून दर हिवाळ्यात तिथे तोडणीला जातो. दादा त्याला प्रश्न विचारायचा. जाळी कधी लावता? उतार कुठल्या दिशेला? थंडी उणे आठपर्यंत गेलीच नाही तर काय करता? पीटर म्हणाला होता, मग सगळं पीक जातं, वाट बघणं एवढंच हातात. त्यावर दादा म्हणे त्याला मोहोर, त्यावरची तुडतुड्याची कीड, अवकाळीचं सांगत बसला. दोन वर्षं... एकही रविवार चुकला नाही.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

मंजिरीने माझ्याकडे बघितलं नाही. "तूच बाबांना सांगितलं होतंस ना, नाव काढायचं नाही म्हणून. आणि साडेसहा ही वेळ बाबांनीच ठरवली. तेव्हा तू भजनाला असतेस."

मी उठून मागच्या खळ्यात गेले. पीटर तिथे तुकारामबरोबर मांडवाचे बांबू सोडवत होता. अंगापिंडाने धिप्पाड, नाक उन्हाने लाल झालेलं. मला बघून तो बांबू खाली ठेवून उभा राहिला, शाळेत बाई आल्यावर मुलं उभी राहतात तसा. बोलायचं होतं. "जेवलास का?" एवढंच इंग्रजीत विचारलं आणि परत आत आले. मला त्याची माफी मागता आली नाही, हे मी इथे कबूल करते. दादाची मागायची तर आता कशी मागू?

दोघं परत गेली. मोहोर धरायला लागलाय, फवारणीचे दिवस आहेत, म्हणून मी सध्या बागेतच मुक्काम टाकलाय. दादाचा फोन मी चालू ठेवलाय, बागेच्या कामाचे फोन त्यावरच येतात. गेल्या रविवारी भजनाला गेले नाही. दिवा लावून पडवीत बसले होते. साडेसहाला फोन वाजला. पडद्यावर पीटर. मला बघून तो गडबडला. इंग्रजीत म्हणाला, की सवयीने लागला, चुकलं, आणि मग "सॉरी, आत्या." ही हाक दादानेच शिकवली असणार. 'त्या'वर जोर दादासारखाच.

"थांब, ठेवू नकोस," मीही इंग्रजीत म्हटलं.

फ्रीजमधून बाटली आणली, फडताळातून ते ढाकण. बाटलीवर माझ्या रेघांची शिडी तशीच. मी ढाकणभर ओतलं आणि समोर ठेवलं. तो मामाच्या मळ्यातच होता. टोपी, मफलर, तोंडातून वाफा. मागे बर्फ आणि त्यात वेलींच्या काळ्या रांगा. मी दादाचाच प्रश्न विचारला, खरंच वेलीवर गोठतात का?

तो हसला. चालत एका वेलीपाशी गेला, जाळी वर केली आणि फोन आत धरला. सुरकुतलेली, तपकिरी, बर्फाचा भुगा बसलेली द्राक्षं. "जवळ घे," मी म्हटलं. त्याने जवळ घेतला. "देठ दाखव." त्याने उघड्या बोटांनी घोस फिरवून दाखवला. देठ वेलीला धरून होता. त्याने एक द्राक्ष तोडून फोनपाशी दुसऱ्यावर आपटलं. खडा आपटावा तसा खट् आवाज झाला... त्याची बोटं थंडीने लाल झाली होती, तरी तो फोन हलू देत नव्हता. दोन वर्षं त्याने दादापुढेही असाच धरला असणार.

मी ढाकण तोंडाला लावलं. मग पडद्याकडे बघून म्हटलं, "झाडचा आहे."

मराठी येत नाही त्याला, पण हे दादाच्या तोंडून ऐकलेलं असणार, एवढं त्याला कळलं. त्याने मान वळवली आणि हातमोज्याने डोळे पुसले. या रविवारी फोन मी करणार आहे.