ताई म्हणाली, मान वर करून पाहा

कॉपी पकडायची खरी पद्धत मला नोकरीला लागल्या लागल्या एका जुन्या बाईंनी शिकवली. बरोबर उत्तरावरून कॉपी पकडता येत नाही. बरोबर उत्तर दोन पोरांचं सारखंच असणार, त्यात काय! पकडायची ती चुकीवरून. एकाने वैनगंगा कोकणातून वाहवली आणि शेजारच्यानेही ती कोकणातूनच वाहवली, की समजायचं. मी भूगोल शिकवायचे, त्यामुळे अशा वाट चुकलेल्या नद्या मी पुष्कळ पाहिल्या. निवृत्त झाले तेव्हा ही नजर शाळेतच ठेवून आले, असं मला वाटत होतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुंबई सोडून पनवेलजवळ करंजाड्यात राहायला आलो. इथे आल्यावर मी गाडी शिकले. गाडी आमच्या ह्यांची, आणि हे तिच्यावर कुणाला बोट ठेवू द्यायचे नाहीत. "तू चालवणार असशील तर आधी माझा विमा वाढवतो," असं सगळ्या सोसायटीसमोर म्हणायचे. तोच माणूस गेल्या दिवाळीत सकाळी माझ्या हातावर किल्ली ठेवून म्हणाला, "आता तूच चालव. मला कंटाळा आला." मी हरखून गेले. शेजारपाजारी सांगत सुटले की आमच्या ह्यांचा माझ्यावर केवढा विश्वास!

फोनवरची ती ऑडिओ गाइड माझ्या सकाळच्या फिरण्यातल्या मैत्रिणीने पाठवली. पनवेल ते अलिबाग. फोन गाडीत लावून ठेवायचा आणि आपलं आपण निघायचं. जसजशी ठिकाणं येतील तसतशी एक बाई मराठीत माहिती सांगते. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, मध्येच हसायचीही. ह्यांनी लगेच तिचं नाव ताई ठेवलं.

खरं सांगते, मला अलिबागचं फारसं कौतुक नव्हतं. मला कुतूहल होतं ते ताईचं. आपण कुठे आहोत हे हिला कळतं कसं? गाडी हळू केली तर ही थांबते का? परत मागे गेलो तर तेच पुन्हा सांगते का? एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही निघालो आणि पळस्पे फाट्यालाच मी प्रयोग सुरू केले. ताईने फाट्याची माहिती सांगितली. मी पुढून वळले, मागे आले आणि पुन्हा त्याच जागेवरून गेले. ताई गप्प.

"सांगून झालंय तिचं," हे म्हणाले. "सगळ्यांना तुझ्यासारखी एकच गोष्ट दहादा सांगायची सवय नसते, मास्तरीणबाई."

"मग पुन्हा फिरवू का? तिसऱ्यांदा बोलते का बघू."

"अगं, अलिबागला जायचंय की पळस्प्याला प्रदक्षिणा घालायची आहे?"

हे त्या दिवशी मोठे खुशीत होते. ताई काही बोलली की लगेच दाद द्यायचे. ताईने म्हणावं, डाव्या हाताला वडाचं मोठं झाड आहे, की ह्यांनी म्हणावं, "वा, काय वड आहे!" ताईने म्हणावं, आता डोंगर जवळ येऊ लागले, की ह्यांनी म्हणावं, "आले बघ डोंगर." एरवी हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मला तर जरा हेवाच वाटला. मी आजवर इतकं दाखवलं, तेव्हा कधी वा म्हटलं नाही.

कर्नाळ्याच्या थोडं अलीकडे ताईने नवा विषय काढला. "आता आपण कर्नाळ्याच्या जवळ येत आहोत," एवढं ती म्हणाली आणि मला रस्त्याकडेला ताडगोळे दिसले. मी गाडी बाजूला घेतली आणि ताईला मध्येच थांबवलं. ताडगोळे सोलणारी बाई तिथल्याच गावातली होती. ती वाकून गाडीत डोकावली.

"मगाशी गाडीत बाईचा आवाज आयकला मी. मंग बाई कुठं हाय? गाडीत तर कोन नाय!"

"फोनमध्ये आहे," मी म्हटलं. "रस्ता सांगते."

"आन तुमी तिला ताडगोला नाय देनार?" असं म्हणून ती इतकी हसली की ह्यांनाही ठसका लागला. आम्ही ताडगोळे खाल्ले, हात पुसले आणि निघालो. बोलण्याच्या नादात ताईला पुन्हा सुरू करायचं मी साफ विसरले.

पुढची खिंड वळणावळणाची. मागे ट्रक, पुढे ट्रक. माझं सगळं लक्ष स्टिअरिंगवर. मध्येच एकदा झाडीवर कर्नाळ्याचा तो सुळका दिसला, आभाळात वर केलेल्या अंगठ्यासारखा, पण मी बोलले नाही. नवशिक्या ड्रायव्हरला दाखवायला बोट मोकळं नसतं. खिंड संपली, कर्नाळा मागे पडला, आणि खारपाड्याच्या पुलाच्या अलीकडे आम्ही वाहनांच्या रांगेत अडकलो. आमच्या पुढ्यात एक अजस्र कंटेनर उभा. त्याच्या लोखंडी पाठीपलीकडे काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तेव्हा मला ताईची आठवण झाली. मी बटण दाबलं. ती बिचारी जिथे तोडली होती तिथूनच बोलू लागली.

"आता समोर मान वर करून पाहा. झाडीच्या वर, अगदी अंगठ्यासारखा उभा असलेला तो कर्नाळ्याचा सुळका!"

मला हसू आलं. मी ह्यांच्याकडे वळणार, एवढ्यात ह्यांनी मान वर केली आणि समोर बघून म्हणाले, "वा! दिसला! अगदी अंगठा गं. हुबेहूब."

मला वाटलं गंमत करताहेत. हा माणूस सरळ तोंड ठेवून थट्टा करण्यात पटाईत. मी वाट बघितली, आता हसतील, मग हसतील. पण चेहरा तसाच. त्या गंजलेल्या पत्र्याकडे कौतुकाने बघणारा.

माझी शाळेतली नजर जागी झाली. पण मी स्वतःलाच दटावलं. एका चुकीवरून कुणाला धरायचं नसतं, चूक योगायोगानेही सारखी येते. दुसरी चूक सापडेपर्यंत थांबायचं. रांग सुटली, पूल ओलांडला, आणि खाडीकडच्या सपाट भागात ताई पुन्हा बोलू लागली.

"उजव्या हाताला मिठागरं पाहा. उन्हात चमकणारे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग."

मी पाहिलं. मिठागर कधीकाळी असेलही, ताईने माहिती गोळा केली तेव्हा. आता तिथे लाल मुरुमाचा भराव होता, दोन जेसीबी आणि प्लॉट विकायचा भलामोठा फलक.

"काय पांढरे ढीग आहेत!" हे म्हणाले. "डोळे दिपतात अगदी."

  मी गाडी चालवत राहिले आणि गेल्या सहा-सात महिन्यांतलं सगळं एकेक करून पुढे येऊ लागलं. पेपर बंद करून मोबाइलवर बातम्या ऐकणं. "चष्मा कुठेतरी राहिला, तूच वाच." लिफ्टमध्ये समोरच्याने नमस्कार केल्यावर, आवाज ऐकून मगच नाव घेणं. चहा ओतताना कपात बोट धरणं, त्यावरून तर मी केवढी बोलले होते ह्यांना, की हे काय घाणेरडं! आणि किल्ली. कंटाळा आला म्हणून माझ्या हातावर ठेवलेली ती किल्ली. कसला विश्वास आणि कसलं काय!

मला आधी राग आला. असा राग की कानशिलं तापली. भीती नंतर आली, पण आली ती राग पुसूनच.

पेणच्या बाहेर एका हॉटेलसमोर मी गाडी थांबवली. आत जाताना हे व्यवस्थित चालत होते, खुर्चीही नीट ओढून बसले, म्हणून मला पुन्हा वाटलं की आपलंच चुकतंय. मी मेन्यूकार्ड ह्यांच्यासमोर ठेवलं.

"काय घ्यायचं, वाचा."

"तुला काय हवं ते सांग. मी तेच घेतो."

ह्यावर मला रडूच फुटलं असतं, पण मी शाळेतला आवाज लावला. "अहो, मिठागरं नव्हती तिथे."

"म्हणजे?"

"भराव टाकलाय. लाल मातीचा. पांढरं काही नव्हतं."

 हे लहान पोरासारखं म्हणाले, "मग ताई कशी म्हणाली?"

"ताईला आंधळ्यासारखं बोलायला काय जातंय! आणि तुम्हाला दिसला तो अंगठा कंटेनर होता. कर्नाळा केव्हाच मागे पडला होता."

वेटर येऊन उभा राहिला. मी त्याला दोन चहा सांगून घालवलं. हे मेन्यूकार्डच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"कडेचं दिसतं," ते शेवटी म्हणाले. "मधलं जातं. मधोमध धूर असल्यासारखं. आत्ता तुझा कान दिसतोय, खांदा दिसतोय, त्या भिंतीवरचा पंखा दिसतोय. तुझं तोंड नाही दिसत."

मी मेन्यूकार्ड त्यांच्या बोटाखालून काढून घेतलं.

"आवाज मात्र शाबूत आहे तुझा," ते म्हणाले आणि हसायला गेले, पण जमलं नाही.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो आणि तो म्हणाला, हे असंच राहणार, वाढतच जाणार, तर? नाही गेलो तोपर्यंत निदान तसं कुणी म्हटलेलं नसतं."

ह्यांना साखर आहे. साखरेने डोळ्यामागचा पडदा जातो, आणि जितका उशीर तितकं हातातून निसटतं, हे मलाही माहीत होतं आणि ह्यांनाही. आणि इतके महिने हे ऐकीव उत्तरांवर पास होत होते, माझ्याच शेजारच्या बाकावर बसून. मी भांडले. हॉटेलात भांडले, आजूबाजूचे बघत असताना. मला तुमची काळजी वाटत नाही का, म्हटलं, मला काही होत नाही का? तुम्ही माझं तोंड बघायचं सोडून दिलंत आणि मला सांगितलंही नाहीत? हे ऐकून घेत राहिले. चहा निवून गेला.

"येतो डॉक्टरकडे," एवढंच म्हणाले.

आम्ही तिथूनच परत फिरलो. अलिबाग राहिलं ते राहिलंच. परतीच्या वाटेवर ताई एक शब्दही बोलली नाही. तीच खाडी, तोच पूल, तीच खिंड, पण ही मुखदुर्बळ झालेली. तशा अवस्थेतही माझं कुतूहल काही गप्प बसेना. गाडी बाजूला घेऊन फोनमधलं तिचं माहितीपत्रक पाहिलं तेव्हा उमगलं, की तिचं सगळं बोलणं एकाच दिशेने जाणाऱ्यांसाठी आहे, परतणाऱ्यांसाठी तिच्याकडे काही नाही. हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरंय. आता कुणी काही दाखवू नका जरा वेळ."

खिंडीत शिरलो तेव्हा मात्र ह्यांनीच विचारलं, "आला का कर्नाळा?"

ह्या रस्त्यावर ह्यांनी जन्मभर गाडी चालवलेली. कुठे खड्डा, कुठे वळण, पाठ. कुणाला रस्ता विचारणं म्हणजे ह्यांच्या अंगावर काटा. म्हणून त्या प्रश्नाने मला मेन्यूकार्डापेक्षा जास्त हलवलं.

"आला," मी म्हटलं. "पण मला गाडी चालवायची आहे. तुम्हाला कडेने दिसत असेल तर बघा."

ह्यांनी मान एका बाजूला वळवली, सुळका टाळून पलीकडे बघितल्यासारखी, आणि बराच वेळ तशीच ठेवली. दिसला की नाही ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलात डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. नंबर यायला वेळ लागला. हे एकदाही म्हणाले नाहीत की चल, घरी जाऊ. आत नेलं, खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला. समोर अक्षरांचा तक्ता, वरती एक मोठं अक्षर आणि खाली लहान लहान होत गेलेल्या ओळी. मी त्यांच्या शेजारी उभी.

वरचं अक्षर ह्यांनी मान कलती करून, चाचपडत सांगितलं. ते बरोबर होतं.

"छान. आता त्याच्या खालची ओळ," डॉक्टर म्हणाल्या.

हे थांबले. आणि मग, सवयीने, डोकं किंचित माझ्या बाजूला झुकवलं. कान माझ्याकडे. मला ती ओळ स्वच्छ दिसत होती. तिन्ही अक्षरं माझ्या ओठांवर आलेली होती, नुसता श्वास सोडला असता तरी ह्यांना ऐकू गेली असती. इतक्या पोरांच्या कॉप्या पकडलेल्या मला त्या क्षणी ह्या एका माणसाला उत्तर सांगावंसं वाटलं, इतकं वाटलं की मी पदराचं टोक तोंडात धरलं.

 हे वाट बघत होते. मग त्यांना कळलं असावं. त्यांनी मान सरळ केली.

"नाही दिसत," ते म्हणाले.

उत्तर बरोबर होतं. आणि त्यांचं स्वतःचं होतं.