हंड्यापुढे उभा माणूस

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा तोराच होता. दोन खोल्यांचं ते ऑफिस, खाली रंगाचं दुकान, वर हे. कारखाने, दवाखाने, बँका, क्लासवाले, ज्याला म्हणून आपल्या माणसांना किंवा गिऱ्हाइकांना काही दाखवायचं असेल त्याचा व्हिडिओ करायचा, आपल्याच साइटवर ठेवायचा आणि तो कोणी कुठवर पाहिला हे त्याला दर आठवड्याला कळवायचं, असा धंदा. शूटिंगला दोघं जात, साइट एक जण सांभाळी, मालक गिऱ्हाइकं आणत, आणि कापाकापी सगळी हिच्याकडे.

कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मात्र खरं. बोलता बोलता कोणी घसा खाकरला, की ते खाकरणं गेलं. ‘म्हणजे’, ‘तर मग’, ‘काय आहे की’ हे सगळं गेलं. साहेब भाषणात पाणी प्यायले, तर पाणीसुद्धा गेलं. तासाभराचं चऱ्हाट ती सहा मिनिटांवर आणी, आणि मधलं काय गेलं याचा कोणाला पत्ता लागत नसे. घरीही तीच तऱ्हा. नवरा बोलायला जरा संथ. त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ही ते पुरं करून मोकळी व्हायची, आणि तो बिचारा मान डोलवायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कुठे कुठे भांडणार?

तिच्या कामाचा कस लागे तो रेघेवर. साइटवरच्या प्रत्येक व्हिडिओखाली एक रेघ असे. बघणारे टिकले की रेघ सपाट, कंटाळून उठून गेले की ती घसरे. मालकांना त्या रेघेचं वेड होतं आणि त्यांनी ते गिऱ्हाइकांनाही लावलं होतं. रेघ जिथे पडे तिथे कात्री पोहोचे.

असाच एक व्हिडिओ डबाबंद फळांच्या कारखान्याचा होता. तिथे माणूस उभा मावेल एवढे वाफेचे हंडे होते, जुन्या धाटणीचे. फळांचे डबे आत रचायचे, झाकण चाकाने आवळायचं आणि वाफ सोडायची. हे हंडे वर्षानुवर्षं चालवणारा कामगार, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, निवृत्त होणार होता आणि त्याच्यामागे नव्यांना शिकवायला कोणी उरणार नव्हतं. म्हणून तो जायच्या आधी त्याच्याकडून सगळं एकदा करून घेतलं आणि त्याचा व्हिडिओ बनवला.

पहिल्यांदा तो फार लांब झाला. वाफेचा नळ बंद केल्यावर उस्ताद कमरेवर हात ठेवून, कॅमेऱ्याकडे पाठ करून नुसता उभा राहिला होता, चांगली चार-पाच मिनिटं. बोलत नव्हता, हलत नव्हता. रेघ नेमकी तिथे दाणकन खाली यायची. कारखान्यातून विचारणा झाली की याचं काही करता येईल का, आणि कात्रीने ते केलं. नळ, चाक, झाकण असे तीन तुकडे एकामागोमाग एक, आणि सोबत आवाजाचे तीन ठोके. टक, टक, टक. रेघ सरळ झाली. कारखान्याच्या सेफ्टी साहेबांनी दोनदा बघून होकार दिला. मालकांनी तो व्हिडिओ नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायला ठेवला आणि कात्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे काही आठवड्यांनी तिच्या धाकट्या दिराला त्याच कारखान्यात नोकरी लागली. दीर तिशी ओलांडलेला, मनाने लोण्यासारखा, पण कुठे टिकेल तर शपथ. त्याच्या नोकरीचा विषय निघाला की सासूबाईंना आतल्या खोलीत काहीतरी काम आठवायचं. या वेळी मात्र त्याने कंबर कसली होती. आधी डबे उचलायचं काम दिलं होतं, ते त्याने मुकाट्याने केलं. आता पहिल्यांदाच त्याला हंड्यावर उभं करणार होते; व्हिडिओ बघून शिकलेला हा पहिलाच नवा माणूस. पक्का व्हायला अजून अवकाश होता, एक चूक झाली की पुन्हा घर.

त्या दिवशी सकाळी निघण्याआधी त्याने स्वयंपाकघरात सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. पाण्याच्या पिंपाची तोटी हा नळ, ओट्यावरची परात हे चाक. तोटी बंद, परात गरकन फिरवली, परात वर. तोंडाने टक, टक, टक. कात्रीला हसू आलं. तिचेच ठोके तो तोंडाने वाजवत होता, आणि अगदी तालात.

“पाठ झालं की, भाऊजी,” ती म्हणाली.

“झोपेत विचार, वहिनी,” तो म्हणाला. पहिला घाणा अकराच्या सुमारास उघडायचा आहे आणि तो मीच उघडणार, असं सांगून तो निघाला. सासूबाई त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या. त्याच्या आधीच्या कुठल्याही नोकरीला त्या गेल्या नव्हत्या.

दहा वाजता ऑफिसात लिफ्टदुरुस्ती कंपनीच्या एक बाई आल्या होत्या. त्यांना आपल्या कामगारांसाठी व्हिडिओ करून हवे होते. मालकांनी नेहमीप्रमाणे हंड्याचा नमुना काढला आणि कात्रीने दोन्ही रेघा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या, कापण्याआधीची आणि कापल्यानंतरची. बाईंनी चष्मा सावरला आणि पहिल्या रेघेतल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. इथे काय होतं, असं त्यांनी विचारलं.

“काही नाही हो,” कात्री हसत म्हणाली. “एक माणूस नुसता उभा होता.”

“कशासाठी उभा होता?”

बाईंनी सहज विचारलं होतं. त्या मालकांच्या चहाकडे वळल्यासुद्धा. कात्रीने उत्तर शोधायला ते कापलेलं चित्रण मनात आणलं. तिला उस्तादची पाठ दिसली. पाठीपलीकडे, हंड्याच्या अंगावर, घड्याळासारखी एक गोल तबकडी होती आणि तिच्यात काटा होता. उस्ताद नुसता उभा नव्हता. आतली वाफ जिरून काटा शून्यावर यायची तो वाट बघत होता. त्याआधी चाक फिरवलं तर झाकण आणि आतली उकळती वाफ समोरच्याच्या अंगावर येणार होती, आणि आज समोर तिचा दीर होता.

ती बाहेरच्या खोलीत आली आणि दिराला फोन लावला. तो लागेना. लागणार कुठून, कामगारांचे फोन गेटवरच काढून ठेवायला लावतात, हे तिनेच व्हिडिओत घातलं होतं. साइटवरचा व्हिडिओ तिने तिथल्या तिथे बंद करायला लावला, पण त्याने काही साधणार नव्हतं. कारखान्यात नेट धड चालत नाही म्हणून तो हंड्यांशेजारच्या टॅबलेटवर आधीच उतरवून दिलेला होता, आणि ही सोय तिच्या ऑफिसनेच मोठ्या अभिमानाने करून दिली होती. मग तिने सेफ्टी साहेबांना गाठलं. ते फेरीवर होते, मागे यंत्रांचा गोंगाट होता. ती काय म्हणते ते त्यांनी ऐकून घेतलं, पण कोणाची तरी समजूत काढावी तसं.

“बाई, मी स्वतः दोनदा बघितलाय तो,” ते म्हणाले. “थांबायचं आहे त्यात. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय.”

आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेनात.

तिने स्कूटर काढली. मालक जिन्यात काहीतरी विचारत होते, त्यांना ओलांडूनच ती खाली आली होती. सिग्नल लाल झाला की ती मनातल्या मनात शिव्या देत होती, आणि त्या सगळ्या स्वतःलाच होत्या. पुढच्या ट्रकने हळू घेतलं तर तिला रडू येत होतं. घरी काय सांगायचं, सासूबाईंच्या डोळ्यांत कसं बघायचं, हे विचार ती झटकत होती आणि ते पुन्हा येऊन बसत होते.

गेटवरच्या वॉचमनने आधी नाव-गाव विचारलं, मग पाहुण्यांसाठीचं हेल्मेट दिलं, मग साहेबांना निरोप धाडला. साहेब कपाळाला आठ्या घालूनच आले. तिने वाद घातला नाही. फोनमध्ये तिची स्वतःची प्रत होती, ती लावून त्यांच्यापुढे धरली.

“हे बघा,” साहेब बोटाने दाखवू लागले, “इथे नळ बंद केला. आता इथे काट्याकडे...”

झाकण वर गेलेलं होतं.

“परत लावा,” ते म्हणाले.

तिने परत लावला. साहेबांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं की इथे थांबायचं असतं, म्हणून दोन्ही वेळा जे पडद्यावर नव्हतं तेही त्यांनी आपल्या मनाने बघून घेतलं होतं. जाणत्या माणसाला तो कट दिसणारच नव्हता. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठीच व्हिडिओ केला होता, आणि तो आत हंड्यापुढे उभा होता. साहेबांचा चेहरा उतरला. ते पळत सुटले आणि कात्री त्यांच्यामागे.

आत कानठळ्या बसवणारा आवाज होता. पट्ट्यावरून डबे खणखणत चालले होते. जो तो कानांत बोळे घालून आपापल्या कामात गढलेला. दीर पार टोकाच्या हंड्याशी होता. त्याने वाफेचा नळ बंद केला, शेजारच्या टॅबलेटकडे एकदा पाहिलं, हातमोजे वर ओढले. साहेब हाका मारत होते, पण त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही येत नसावा. मध्ये डब्यांचा पट्टा आडवा होता आणि साहेब त्याला वळसा घालून धावत होते. दिराने दोन्ही हात चाकावर ठेवले.

कात्रीला तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ होता. शेवटच्या तुकड्यात असं सांगितलं होतं, की जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या आत कोणी उघड्या डोक्याने आलं, तर यंत्रावरचे हात काढायचे, दोन्ही हात वर करायचे आणि दोन पावलं मागे सरायचं. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि अंगातल्या सगळ्या जोरानिशी त्याच्या दिशेने भिरकावलं. ते पट्ट्यावरून पलीकडे गेलं आणि घरंगळत त्याच्या पायाशी थांबलं. मग ती पट्ट्याखालून वाकून रेषेच्या आत शिरली आणि नुसती उभी राहिली.

त्याने मान वळवली. हेल्मेट पाहिलं, मग तिला पाहिलं. वहिनी इथे कशी, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. क्षणभर हात चाकावरच राहिले. मग त्याने शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात काढून वर केले आणि दोन पावलं मागे सरला.

चाक चार बोटं फिरलेलं होतं. झाकणाच्या कडेतून वाफेची एक पातळ पांढरी रेघ सणसणत बाहेर येत होती, तो मघाशी उभा होता नेमकी तिथेच, छातीच्या उंचीवर. साहेबांनी येऊन त्याला दंडाला धरून आणखी मागे ओढलं. मग तिघंही काट्याकडे बघत उभी राहिली. काटा उतरत होता, पण इतका हळू की उतरतोय हे कळतच नव्हतं. कात्रीला वाटलं आपण इथे सकाळपासून उभ्या आहोत. अखेर तो शून्याला टेकला, ती रेघ विरली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

केबिनमध्ये साहेब आधी दिरावरच कडाडले. डोळे होते की नव्हते, एवढी साधी गोष्ट कळू नये का, असल्या माणसाला हंड्यावर उभं करणारा मीच मूर्ख, असं बरंच काही. दीर मान खाली घालून म्हणाला की व्हिडिओत आहे तसंच केलं, साहेब. पण तो हे अशा आवाजात म्हणाला की जणू नोकरी गेलीच आहे आणि आता घरी कसं सांगायचं, एवढंच उरलंय.

“थांबायचं मी कापलं,” कात्री म्हणाली. “ह्यांची काही चूक नाही. लोक कंटाळतात म्हणून मी ते कापलं.”

साहेब खुर्चीत बसले. त्या कापण्याला होकार त्यांचाच होता. त्यांनी माणूस पाठवून एकूण एक टॅबलेट गोळा करायला सांगितले, उस्तादच्या घरी फोन लावून चार दिवस या म्हणून विनवलं, आणि दिराला म्हणाले की आज घरी जा, उद्या वेळेवर ये.

गेटबाहेर स्कूटरशी आल्यावर कात्रीला किल्ली लावता येईना. दिराने तिच्या हातून किल्ली घेतली. तिला माफ करा म्हणायचं होतं. आपल्यामुळे हा मेला असता, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“रडू नकोस ग वहिनी,” तो म्हणाला. “खरं सांगू? मला बघताना वाटलं होतं, की इथे थांबायला हवं. आपण साधा कुकर असा उघडत नाही. आज सकाळी तुला विचारणारच होतो. मग म्हटलं, वहिनीने केलाय म्हणजे बरोबरच असणार.”

तो हे तिला बरं वाटावं म्हणून सांगत होता.